छत्रीवाला उशिरा उडी मारतो

ती. वन्संना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात शाळेची शिट्टी आहे, त्यामुळे हात नीट जुळलेले नाहीत, पण भाव पूर्ण आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेला व्यायाम करता, की नुसतं "करते, करते" म्हणता? मी पी.टी.ची बाई आहे, "करते, करते" म्हणणाऱ्यांचा मला रोजचा अनुभव आहे. भावोजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे ठीक नाही आहोत. फोन करायचा तर मोबाईलला रेंज फक्त हॉलमध्ये, शेजारी बाबा बसलेले, आणि तुम्ही एकदा बोलायला लागलात की माझ्या वाट्याला फक्त "हो" आणि "बरं" एवढंच येतं. म्हणून हे पत्र. मधे कुणी बोलणार नाही, मला हवं तेवढं आडवळणाने जाता येईल.

प्रकरण बाबांच्या दुकानातल्या व्हिडिओ गेमचं आहे. तुम्ही म्हणाल, माझ्या वडिलांचं दुकान तू मला काय सांगतेस? पण सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा घटकाभर परक्या असल्यासारखं ऐकून घ्या. बाबांनी सलूनमध्ये वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी कोपऱ्यात टीव्ही लावला, त्याला तो गेमचा डबा जोडला आणि एकच कॅसेट आणली. गच्च्यांवरून उड्या मारत पळणारा, हातात छत्री घेतलेला ठेंगणा माणूस. गच्चीच्या अगदी कडेला त्याचा पाय टेकला की बटण दाबायचं. जरा उशीर झाला की दोन गच्च्यांमधल्या फटीतून थेट खाली. दुकानाचा नियमच होता, जो खेळात बाबांच्या पुढे जाईल त्याची दाढी फुकट. आजवर कुणाची झाली नाही. समोरच्या औषधवाल्याने एकदा गेल्याचा दावा केला होता, पण तेव्हा दुकानात दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे तो दावा बाबांनी फेटाळला आणि औषधवाला अजून त्यावर धुसफुसतो.

तर तो टीव्ही यंदा धूर काढून गेला. तुमच्या बंधुराजांनी (म्हणजे आमच्या ह्यांनी) लगेच जाहीर केलं की बाबांच्या वाढदिवसाला छत्रीवाला घरातल्या नव्या टीव्हीवर पळेल. नवा टीव्ही तुम्ही पाहिलेला नाही. भिंतीपेक्षा थोडासाच लहान आहे. हे कचेरीत पाणीपट्टीच्या फायली बघतात, पण घरी आले की यांच्यात एक शास्त्रज्ञ संचारतो. पहिलं म्हणजे कॅसेट सुरूच होईना. उघडून बघितलं तर आतून घमघम वास! बाबा इतकी वर्षं ती कॅसेट डब्यात घालण्याआधी गिऱ्हाइकांच्या मानेवरचे केस झाडायच्या ब्रशने झाडत होते, आणि त्या ब्रशला कायम पावडर. (जगात बाकी सगळे कॅसेटमध्ये फुंकर मारतात. आपल्या घरी तिला पावडर लावतात.) आतल्या पितळी पट्ट्यांवर पावडरचा थर बसला होता. बाबा म्हणाले, थांबा, आणि दाढीनंतर लावायचं लोशन कापसावर घेऊन त्यांनी एकेक पट्टी अशी हळुवार पुसली, की एखाद्या गालालाही तेवढी माया मिळाली नसेल. कॅसेट सुरू झाली. आता ती घरातली एकुलती एक कॅसेट, कधीही कायमची बसेल, म्हणून ह्यांनी तिची नक्कल कॉम्प्युटरवर करून ठेवली. ती नक्कल चालवली तेव्हा छत्रीवाला इतका सुसाट पळाला की आम्ही खुर्ची पुढे ओढेपर्यंत मेलासुद्धा होता. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेला. हे म्हणाले, कॉम्प्युटर फार वेगवान आहे. मी म्हटलं, तुमच्यावर गेलेला दिसत नाही. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण तेवढ्या शांततेत त्यांनी त्याचा वेग आटोक्यात आणला, हेही सांगायला हवं.

मग वायरींचं आलं. जुन्या डब्याच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी, आणि नव्या टीव्हीला तसली भोकंच नाहीत. बाजारातून एक छोटा डबा आणला, तो मधे बसतो आणि जुन्याचं नवं करून देतो. शिवाय बाबांसाठी म्हणून ह्यांनी टीव्हीच्या पोटात शिरून जेवढ्या म्हणून सोयी सापडल्या तेवढ्या सगळ्या चालू केल्या. चित्र मुलायम करा, हालचाल सुबक करा, रंग खुलवा, कडा रेखीव करा. मला तर वाटलं आता छत्रीवाल्याचं लग्न ठरलंय.

वाढदिवसाला नेहमीची गिऱ्हाइकं घरी आली. औषधवाला, शिंपी, आमच्या शाळेचे हेडमास्तर. बाबा खुर्चीत बसले, बाह्या सारल्या, आणि छत्रीवाला पहिल्याच फटीत पडला. सगळे हसले, बाबाही हसले. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर कुणी हसलं नाही. औषधवाला, ज्याने खरं म्हणजे उडी मारून नाचायला हवं होतं, तो म्हणाला, होतं असं, नवीन टीव्ही आहे. पुढे केव्हातरी एकदाचा छत्रीवाला पलीकडे गेला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वन्सं, त्या टाळ्या नको होत्या हो. बाबांचा चेहरा बघवेना. ज्या उडीकडे ते पूर्वी बघायचेसुद्धा नाहीत, एकीकडे कुणाशी तरी वाद घालत मारायचे, तिला टाळ्या! त्यांनी खेळाचा रिमोट टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना आग्रहाने केक खायला लावला.

त्यानंतर त्यांनी वस्तरा गुंडाळून कपाटात ठेवला. दुकानात पाटी लागली, "फक्त कटिंग". मी विचारलं, तर म्हणाले, हात मंदावलाय सूनबाई, आता कळलं ते बरं झालं. मी म्हटलं, अहो बाबा, एका खेळावरून काय ठरवता? तर म्हणाले, छत्रीवाला उशीर झाला की पडतो आणि पुन्हा उठतो, गिऱ्हाइकाचा गळा उठत नाही. मी गप्प बसले. (मी गप्प बसले, हे वाचून तुम्हाला प्रसंगाचं गांभीर्य कळलं असेल.)

इकडे रस्त्याची दशा बघण्यासारखी झाली. बाबांची गिऱ्हाइकं निष्ठावान, दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू देणार नाहीत. औषधवाल्याला दाढी आली, शिंप्याला दाढी आली, आमच्या हेडमास्तरांना तर अशी ठिगळाठिगळांची आली की प्रार्थनेच्या वेळी पोरं मान खाली घालून हसतात आणि मला शिट्टी वाजवावी लागते. सगळा रस्ता एकाच आजारातून उठल्यासारखा दिसतो. आणि मोबाईलची कव्हरं विकणारा एक गृहस्थ दुकान बघून गेला. आरसे काढून तिथे हुक लावणार म्हणे. बाबा त्याला "विचार करून सांगतो" म्हणाले.  त्या दुकानातून बाबांना काढलं तर उरतं काय? सकाळी उठून जायला जागा नाही, कुणाशी भांडायला औषधवाला नाही. घरी बसतील आणि माझी शिवणाची कात्री चालवायला मागतील. मला ते परवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर बघवणारही नाही.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. शाळेत आम्ही एक चाचणी घेतो, वरून फूटपट्टी सोडायची आणि खाली बोटांच्या चिमटीत पकडायची. हात मंद की चपळ ते लगेच कळतं. जेवणाच्या टेबलाशी मी बाबांना पट्टी पकडायला लावली. त्यांनी दर वेळी अशी झडप घातली की मला माझ्या खेळाडू मुलींची लाज वाटली. तुमच्या बंधुराजांची पट्टी एकदा चहाच्या कपात गेली आणि एकदा पायाच्या अंगठ्यावर. पण बाबांचं समाधान होईना. पट्टी म्हणजे गळा नाही, हेच टुमणं.

शेवटी छडा लागला तो ह्यांच्या चिडचिडीमुळे. एक दिवस हे स्वतः खेळायला बसले आणि पडत राहिले, आणि दर वेळी ओरडत राहिले की मी दाबलं होतं, मी दाबलं होतं! आता हरलेलं प्रत्येक पोर हेच म्हणतं, माझी नोकरीच ते न ऐकण्यावर चालते. पण शर्यती सुरू करून करून माझा कान तयार झालाय. बटणाचा "टक" ऐकू यायचा, आणि छत्रीवाला जरासा थांबून मग उडायचा. शिट्टीनंतर उशिरा निघणारं पोर मी डोळे मिटून ओळखते, आणि हे तसंच होतं. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही गप्प बसा आणि नुसतं दाबा. मोबाईलवर बोट आणि टीव्ही एकत्र धरून चित्रण केलं आणि ते हळू चालवून बघितलं. बोट खाली गेलंय, बटण दबलंय, आणि छत्रीवाला आपला शांतपणे पळतोय! बऱ्याच वेळाने त्याला आठवतं की आपल्याला उडी मारायची होती. म्हणजे टीव्ही आधी चित्र मुलायम करणार, मग सुबक करणार, मग खुलवणार, आणि मग आपल्याला दाखवणार. नटूनथटून बाहेर येईपर्यंत इकडे माणूस खड्ड्यात. आणि हे सगळं नटवणं चालू कुणी केलं होतं? मी नाव घेत नाही. (घेतलं तेव्हा.) सगळ्या सोयी बंद केल्या तरी तो मधला वायरींचा डबा स्वतःचा वेगळा उशीर लावतोच. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ही भानगडच नव्हती, बटण दाबलं की उडी.

आम्ही नाचत बाबांकडे गेलो. चित्रण दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, टीव्ही नवा, मी जुना, मग उशीर कोणाचा असणार? मी पुन्हा समजावलं. तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तू मन राखायला हे सगळं केलंस, गुणाची आहेस. वन्सं, मला आयुष्यात गुणाची म्हटलं गेलं ते पहिल्यांदा, आणि तेही चुकीच्या कारणासाठी!

तेव्हा आता मुद्द्यावर येते. तुमच्या माळ्यावर तुमचा पहिला टीव्ही आहे, पिक्चर ट्यूबचा, जाडजूड पाठीचा. तो चालतो असं तुम्हीच सांगितलं होतंत. तो घेऊन या. त्यावर बाबा एकदा खेळले की त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, मग माझ्या गुणांवर अवलंबून राहावं लागणार नाही.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना पाठ ताठ ठेवून बसायला सांगणे.

तुमची धाकटी भावजय

ता.क. टीव्ही गाडीत ठेवताना काच सीटच्या पाठीकडे करून ठेवा. भावोजींनी एकट्याने उचलू नये, त्यांची कंबर मला माहीत आहे. आणि आता लिहितेच आहे तर खरं सांगून टाकते, टीव्हीपेक्षा मला भावोजी जास्त हवे आहेत. म्हणजे त्यांची मान. बाबा खेळात जिंकले की त्याच उत्साहात कुणाला तरी खुर्चीत बसवून हातात वस्तरा द्यायचा, असा माझा बेत आहे. तुमच्या बंधुराजांना विचारलं तर त्यांना अचानक कचेरीत तातडीचं काम निघालं. भावोजी जावई आहेत, बाबा त्यांना नाही म्हणणार नाहीत, आणि जावयाच्या गळ्याला ते जीव ओतून जपतील. तेव्हा त्यांना आजपासून दाढी वाढवायला सांगा. कारण मात्र आत्ता सांगू नका.

आणखी एक ता.क. भावोजींना दाढी करायला सांगा! पत्र शाळेच्या स्पर्धांच्या गडबडीत पर्समध्येच राहिलं आणि इकडे सगळंच उलटंपालटं झालं. शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर हॉलमधून "टक, टक". दार थोडं उघडं होतं. बाबा एकटेच टीव्हीसमोर, खुर्चीच्या टोकावर, आणि छत्रीवाला गच्च्यांमागून गच्च्या ओलांडतोय! मी चपला तशाच पायात ठेवून दारात उभी. बराच वेळ बघितलं आणि मग लक्षात आलं, बाबा कडेला येण्याच्या आधीच बटण दाबत होते. टीव्हीला लागणारा वेळ त्यांनी बरोबर हेरला होता आणि तेवढा आधीच निघत होते. मी दिसले तसे म्हणाले, तुमचा टीव्ही कमी ऐकणाऱ्या गिऱ्हाइकासारखा आहे. "मान वर करा" म्हटलं की जरा वेळाने करतो. मग काय करायचं, त्याला आधीच सांगायचं! वन्सं, मी त्यांना मिठीच मारली. मंद हाताला हे जमतं का? मी शाळेतल्या मुलींना असलं काही वर्षभर शिकवते आणि एकीलाही येत नाही. बाबा नुसते म्हणाले, अगं, जीव गेला त्याचा. बघितलं, तर छत्रीवाला फटीत.

काल सकाळी त्यांनी कपाटातून वस्तरा काढला, पट्ट्यावर परजला आणि ह्यांना म्हणाले, बस. ह्यांना कचेरीचं काम आठवायलाही वेळ मिळाला नाही.  (मी नॅपकिन धरायच्या निमित्ताने खांदे दाबून धरले होते.) एक ओरखडा नाही! दिवसभर हे गालावरून हात फिरवत हिंडत होते. बाहेर रस्त्यावर बातमी कशी पसरली देव जाणे, दुपारपर्यंत दुकानाबाहेर दाढ्यांची रांग, सगळ्यात पुढे हेडमास्तर. तेवढ्यात कव्हरवाले गृहस्थ मापं घ्यायला आले. बाबा म्हणाले, तुमचे कल्ले फार वाढलेत, बसा. ते बसले, चकाचक होऊन उठले आणि मापं न घेताच गेले. टीव्ही आणलात तर दुकानात लावू, गिऱ्हाइकं विचारताहेत. नाही आणलात तरी चालेल, बाबा आता म्हणतात की नव्या टीव्हीवर खेळायला जास्त डोकं लागतं.

शेवटचा ता.क. हे लिहू की नको असा विचार करत होते, पण पाकीट बंद केल्यावर पुन्हा उघडलं. आज दुकानात बाबांना डबा द्यायला गेले होते तेव्हा सहज विचारलं, वाढदिवसाला खेळ बिघडला तेव्हाच वस्तरा ठेवायचं ठरवलं होतं का? म्हणाले, छे, दुसऱ्या दिवशी दाढ्या केल्या की मी. वाईट वाटलं होतं, पण तेवढंच. ठरवलं ते ताईचा फोन आला त्यानंतर. तुम्ही वाढदिवसाची चौकशी केलीत, खेळाचं ऐकलंत आणि म्हणालात, "बाबा, आता हात थकले असतील, विश्रांती घ्या." वन्सं, तुम्ही मायेनेच म्हणालात, मला ठाऊक आहे. आम्हीही टाळ्या मायेनेच वाजवल्या होत्या. पण तुमचं ते मानतात. जगात कुणी काही म्हणो, तुम्ही म्हणालात की हात थकले, म्हणजे थकले. म्हणून टीव्हीही नको आणि भावोजींची मानही नको, माझं मागणं एवढंच आहे. रविवारी फोन कराल तेव्हा तब्येतीचं विचारू नका. "बाबा, आज दुकानात कोण कोण आलं होतं?" असं विचारा, आणि एखादी खुर्ची ओढून आरामात बसा, कारण तुम्हाला मधे बोलायला मिळणार नाही.